हाताला हुन्नर : वेल्डिंगची मशीन घेण्याआधी



जाफराबादहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला मुलगा दहावीला गणितात राहिला. दोन वर्षांपासून तो एका फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर म्हणून जातो. पट्टी कापणे, ग्राइंडर मारणे, रेडऑक्साइड लावणे ही कामे त्याला येतात. पण वेल्डिंगचा होल्डर अजून कोणी हातात दिलेला नाही. आता मुलाचे म्हणणे असे की, 'मी पाहून पाहून शिकलोच आहे, घरी मशीन घेऊन द्या.' बाई विचारतात, बचत गटाचे कर्ज काढून 250 अँपिअरची मशीन घ्यावी का? दुकानदार म्हणतो की मोठी घेतली म्हणजे पुन्हा घ्यावी लागत नाही.

ताई, सप्रेम जयभीम. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हा लेख मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. धंदा वाईट नाही. जालना हा लोखंडाचा जिल्हा आहे, तिथल्या रोलिंग मिलची सळई गावोगाव जाते. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावाला तर शटर, ग्रील, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, वखर, पेरणी यंत्र यांची कामे बारमाही असतात आणि पेरणीच्या तोंडावर रांग लागते. शिवाय या धंद्याची एक गोष्ट आम्हाला नेहमी महत्त्वाची वाटते. गावातले लोखंडाचे काम पूर्वी जन्मावरून ठरलेले असायचे. विजेचे वेल्डिंग मात्र कारखान्यातून गावात आले. त्याला ना बलुते होते ना वतन. ज्याचा सांधा टिकतो त्याच्याकडे गिऱ्हाईक येते, आणि ट्रॉलीचा हुक तुटलेला शेतकरी वेल्डरची जात विचारत बसत नाही.

पण 250 अँपिअरची मशीन घेऊ नका. त्याचे कारण मशीनमध्ये नाही, तुमच्या घराच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये आहे.

हिशेब समजून घ्या, अवघड नाही. घरगुती कामाला लागतो तो 12 नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएम जाडीचा. तो जाळायला 70 ते 80 अँपिअर पुरतात. इन्व्हर्टर मशीनने 80 अँपिअरवर काम केले तर ती मीटरकडून साधारण 13-14 अँपिअर ओढते. घरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा असतो, म्हणजे काम कसेबसे बसते. 10 नंबरचा, म्हणजे सव्वातीन एमएमच्या आतबाहेरचा रॉड घेतला आणि अँपिअर 110-120 वर नेले की ओढ वीसच्या वर जाते. प्लग गरम होतो, वायरचा वास सुटतो. आणि खरोखर 200 अँपिअर काढायचे म्हटले तर मीटरवर 40 अँपिअरच्या घरात ओढ पडते. एवढी वीज वस्तीतल्या घरगुती कनेक्शनवर मिळत नाही. म्हणजे मशीनवर 200 लिहिलेले असो की 250, तुमच्या प्लगमधून निघणार 80 ते 100 च. वरचे पैसे फुकट गेले. त्यातही स्वस्त मशीनवर जो आकडा रंगवलेला असतो तो पुष्कळदा नुसते मॉडेलचे नाव असते. खरी ताकद मागच्या पत्र्याच्या पट्टीवर बारीक अक्षरात असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्या पट्टीवर टक्केही लिहिलेले असतात. 160 अँपिअर, 60 टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे त्या अँपिअरवर जाळा आणि चार मिनिटे थांबा. कंपन्या हा आकडा बहुधा 40 अंश उष्णता धरून देतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून जास्त असते, तेव्हा मशीन लवकर बंद पडते. ती बिघडलेली नसते, तापलेली असते. पंखा चालू ठेवून तिला थंड होऊ द्यावे.

म्हणून आमचा सल्ला असा आहे. नवशिक्याने सिंगल फेजची, खऱ्या 120 ते 160 अँपिअरची, ओळखीच्या कंपनीची इन्व्हर्टर मशीन घ्यावी. ती हातात उचलून नेता येते, तिचा आर्क लवकर लागतो आणि रॉड कमी चिकटतो. नवा हात रॉड चिकटल्यानेच निम्मा निराश होतो.

जुने मिस्त्री मात्र तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशीनचे गुण गातील, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. ती मशीन धूळ, ऊन, मार सगळे सोसते आणि वाइंडिंग जळले तर तालुक्यातच भरून मिळते. इन्व्हर्टरच्या पोटात इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. ग्राइंडरचा लोखंडी भुगा आत गेला की ते कार्ड जाते आणि दुरुस्तीला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेव्हा खरेदीच्या वेळी किमतीआधी हे विचारा की बिघडल्यावर कुठे न्यायची. पण ट्रान्सफॉर्मर जड, वीज जास्त खाणारी, आणि सिंगल फेजवर तिने ओढ घेतली की शेजारच्या घरचे दिवे लवतात. वस्तीत राहून रोज शेजाऱ्यांशी भांडण कोणाला परवडते? दुकान टाकून थ्री फेज घेतल्यावर तिचा विचार करावा. सीओटूची मिग मशीन वाळूजच्या कारखान्यांत चालते. ती वेगाने काम करते, पण तिला गॅसचे सिलिंडर, वायरचे रीळ आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो. शिकायला ती नको.

आणखी एक तपासणी फुकट आहे. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असताना, वायरमनकडून प्लगचे व्होल्टेज मोजून घ्या. पुष्कळ इन्व्हर्टर मशीन 195 व्होल्टच्या खाली नीट चालत नाहीत. तुमच्याकडे 170 येत असेल तर चांगली मशीनही रडेल. त्यासाठी कमी व्होल्टेजवर चालणारे मॉडेल मिळते, ते नाव घेऊन मागावे. मीटरपासून प्लगपर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खरी अर्थिंग करून घ्यावी. तिसरी पिन नुसती शोभेला नसते.

मीटरबद्दल सांगायचे राहिले. घरी शिकणे वेगळे आणि घरगुती मीटरवर धंदा करणे वेगळे. विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली असा वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. पाटी लावण्याआधी महावितरणकडे वेगळे कनेक्शन आणि भार मंजूर करून घ्यावा. आकडा टाकून वेल्डिंग करण्याविषयी आम्ही एवढेच म्हणू की त्यात पैसा वाचतो आणि माणूस मरतो.

आता ज्या वस्तूवर सगळे पैसे वाचवतात तिच्याकडे येऊ. ती म्हणजे काच.

रस्त्याकडेच्या दुकानात आपण रोज पाहतो. पोरगा डोळे मिटून टाका मारतो, किंवा बाजारातला काळा चष्मा लावतो, किंवा मान वळवतो. त्याला वाटते उजेड डोळ्यावर आला नाही म्हणजे झाले. आर्कमधून जी अतिनील किरणे निघतात ती दिसतही नाहीत आणि जाणवतही नाहीत. त्यांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. मग घरात धावपळ सुरू होते. कोणी गुलाबपाणी टाकते, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी बटाट्याची चकती ठेवते. भगिनींनो, डोळ्यात काहीही टाकू नका. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा, अंधाऱ्या खोलीत झोपवा आणि सकाळी दवाखान्यात न्या. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरे होते. काही मिस्त्री डोळा बधिर करणारे थेंब खिशात ठेवतात. ते फार घातक आहेत. दुखणे कळत नाही आणि जखम वाढत जाते. आणि आज बरे झाले म्हणून उद्या पुन्हा भाजून घ्यायचे, असे वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे काय होणार?

हातात धरायची साधी स्क्रीन शे-दोनशे रुपयांत येते. तिच्यात 10 किंवा 11 नंबरची काळी काच आणि तिच्या पुढे साधी पांढरी काच बसवावी. पांढरीवर ठिणग्या बसून ती धुरकट होते, ती बदलत राहावी. पण नवशिक्याला आम्ही आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्या असे सांगू, मशीनचे दोन पैसे कमी करून. साध्या स्क्रीनमध्ये आर्क लागेपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून पोरे स्क्रीन बाजूला करून रॉड टेकवतात आणि तिथेच डोळे भाजतात. या हेल्मेटमध्ये आधी जागा दिसते, मग आर्क लागताच काच काळी होते. चांगल्या काचेत अतिनील किरणे ती काळी नसतानाही अडतात. ठिणगी मारून ती खरेच काळी होते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आणि काम करणारा एकटाच भाजत नाही. वस्तीत वेल्डिंग सुरू झाले की लहान मुले गोल करून उभी राहतात. त्यांना दिवाळी वाटते. अंगणात काम असेल तर जाड गोधडी किंवा ताडपत्रीचा आडोसा करावा, तोही ठिणग्या पोचणार नाहीत इतका लांब. कडबा, कापूस, सरकी, दुचाकी जवळ नको. वेचणीच्या दिवसांत घरोघर कापूस साठवलेला असतो, एक ठिणगी आत जाऊन तासाभराने पेटते. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसावे, पाण्याची बादली जवळ ठेवावी.

कपडे सुती आणि जाड, बाह्या खाली. टेरिकॉटची पँट वितळून कातडीला चिकटते. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि पँटचा पायंचा बुटाच्या बाहेर, नाहीतर ठिणगी आत उतरते. कातडी हातमोजे कोरडे हवेत. रॉडच्या टोकाला काम थांबलेले असतानाही 60 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला त्याचे फार वाटत नाही, पण घामाने भिजलेल्या, ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेल्या माणसाला तेवढे पुरे होते. पावसात उघड्यावर काम करू नये, मालक कितीही म्हणो.

धुराचे दोन शब्द. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पन्हाळी पत्रा जाळला की पांढरा धूर निघतो. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. लोक म्हणतात गूळ खा, दूध प्या. गूळ पोटात जातो, धूर छातीत जातो. एकाने दुसरा धुतला जात नाही. जोडायच्या जागेचा मुलामा आधी ग्राइंडरने काढावा, वारा पाठीमागून किंवा बाजूने घ्यावा आणि तोंड धुराच्या वर आणू नये. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातला आहे. आर्कची किरणेही त्याच यादीत आहेत. बंद खोलीत वेल्डिंग करायचे नाही ते यासाठी. आणि डिझेलची टाकी, रंगाचा डबा, औषधाचे पिंप, कोणतेही बंद भांडे हाती घेऊ नये. रिकामे दिसले तरी आतली वाफ बॉम्बसारखी फुटते. नवशिक्याने अशा गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावे.

शिकायचे कसे? मुलगा म्हणतो पाहून शिकलो. वेल्डिंग पाहून येत नाही, कारण जे पाहायचे ते काळ्या काचेशिवाय दिसतच नाही. शिक्षण महिन्यांत मोजू नका, रॉडमध्ये मोजा. 12 नंबरच्या एका किलोत साधारण पन्नास रॉड येतात आणि एक रॉड मिनिटभरात संपतो. म्हणजे किलोभर रॉड जाळून खरा सराव तासाचाही होत नाही. चार-पाच किलो रॉड केवळ शिकण्यासाठी जाळायचे असे आधीच ठरवा आणि ते पैसे मशीनच्या हिशेबात धरा. रॉड 6013 जातीचा घ्यावा, तो नवशिक्याला सांभाळून घेतो. 7018 चा रॉड चिवट आणि मजबूत, पण त्याला भट्टीत कोरडे करावे लागते. तो पुढे.

भंगारवाल्याकडून पाच-सहा एमएम जाडीच्या पट्टीचे तुकडे किलोवर आणा. जालन्याच्या सळईचे तुकडे स्वस्त मिळतील, पण गोल सळईवर हात बसत नाही. आणि मुले हटकून चौकोनी पाइपपासून सुरुवात करतात, तेही करू नये. 18 गेजचा पाइप सव्वा एमएमचासुद्धा नसतो. नव्या हाताला त्यात भोकच पडणार, आणि मग भोके बुजवण्यातच दिवस जातो. पट्टी ब्रशने घासून गंज काढावा, अर्थ क्लॅम्प चकचकीत लोखंडावर पकडावा. नव्या पोरांचे निम्मे दोष गंजलेल्या जागी लावलेल्या क्लॅम्पचे असतात आणि शिव्या मशीनला बसतात.

पहिले दोन दिवस काही जोडायचे नाही. काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढून आर्क लावायचा आणि सपाट पट्टीवर सरळ रेघ मारायची. रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यात रॉडच्या जाडीएवढेच अंतर ठेवायचे. रॉड जळत जळत कमी होतो, म्हणून हात पुढे नेता नेता खालीही उतरवावा लागतो. सगळी मेख इथे आहे. कोपर गुडघ्यावर किंवा टेबलावर टेकवा, हात कापत नाही. उजेडाकडे पाहू नका, त्याच्या मागे लाल रसाचे जे डबके सरकते त्याच्याकडे पाहा. कानही उघडे ठेवा. अँपिअर आणि अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज आणि चौफेर थेंब उडाले तर रॉड लांब गेला आहे. रॉड सारखा चिकटतो आणि रेघ दोरीसारखी वर बसते, तर अँपिअर कमी आहेत. कडेला चर पडतो, तर जास्त आहेत.

रेघ थंड झाल्यावर वरची स्लॅगची खपली हातोडीने काढायची, पण त्या वेळीही डोळ्यावर पांढरा चष्मा हवा, कारण गरम खपली उडून थेट डोळ्यात जाते. रेघा एकसारख्या पडू लागल्या की दोन तुकडे उलट्या 'टी'सारखे उभे करून एका बाजूने जोडा, आणि मग शिकंज्यात पकडून घणाने तोडून पाहा. सांध्याच्या पोटात काळे डाग, भोके, किंवा न वितळलेली कडा दिसली तर तो सांधा वरून कितीही सुंदर असला तरी खोटा. आतून सगळे वितळून एक झालेले असेल आणि तोडायला दम लागला, तर समजा हात बसतो आहे. असे वीस-पंचवीस तुकडे तोडल्याशिवाय गिऱ्हाइकाचे काम घेऊ नये. घरातले स्टूल, कुंडीचा स्टँड, बाथरूमचा दरवाजा यांवर हात चालवावा. पाळणा, जिन्याचा कठडा, ट्रॉलीचा हुक, पाण्याच्या टाकीचा स्टँड ही कामे पहिल्या वर्षी नाहीत. तिथे सांधा सुटला तर नुसते नाव जात नाही.

ताई, तुमच्या मुलासाठी सगळ्यात स्वस्त वाट मात्र मशीनची नाही. सरकारी आयटीआयमध्ये संधाता नावाचा ट्रेड असतो; संधाता म्हणजेच वेल्डर. तो एक वर्षाचा आहे आणि दहावी नापास मुलालाही त्याला अर्ज करता येतो. मुलींनाही प्रवेश आहे, आणि बारीक कामात त्यांचा हात स्थिर असतो असे शिकवणारे सांगतात. तिथे रॉड, मशीन, लोखंड सगळे संस्थेचे, आणि गॅस वेल्डिंग, मिग, टिग यांवरही हात फिरतो. प्रवेश ऑनलाइन होतो. दहावीच्या निकालानंतर अर्ज सुटतात, तेव्हा जाफराबाद, भोकरदन, जालना यांपैकी कुठे हा ट्रेड आहे ते पाहून पसंती भरावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला आतापासून काढून ठेवावा, कारण ऐन वेळी सेतू केंद्रावर गर्दी असते. प्रमाणपत्र हाती आले की कारखान्यात अप्रेंटिस लागता येते, बँक कर्जाच्या अर्जालाही ते जोडता येते, आणि पुढे बॉयलर किंवा पाइपलाइनच्या वेल्डरची परीक्षा देण्याची वाट उघडते. त्या वेल्डरची मजुरी ग्रील करणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

प्रवेशाला अजून महिने असतील, तर तोवर दुकानाच्या मालकाला मुलाने नीट विचारावे की, रोज सुटीनंतर अर्धा तास माझ्या पैशाचे रॉड आणि माझे भंगार जाळू द्याल का? विजेचे काय होतील तेही देतो म्हणावे. पुष्कळ मालक याला हो म्हणतात. मालक नाहीच म्हणाला तरच छोटी मशीन घरी आणा, आणि तेव्हा जमवलेल्या रकमेतून आधी वायरिंग, हेल्मेट, हातमोजे, बूट आणि पाच किलो रॉड यांचे पैसे वेगळे काढा. उरतील तेवढ्यात जी बसेल ती मशीन.

पावसाळ्यात आणल्यास रॉडचे पाकीट फोडून उघडे ठेवू नका. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. ओलावलेला रॉड थुंकतो, त्याच्या रेघेत भोके पडतात. तो कडक उन्हात दिवसभर वाळवून सरावाला वापरावा, गिऱ्हाइकाच्या कामाला नाही. पावडर सुटलेले रॉड सरळ भंगारात टाकावेत.